पिट्ट वच्चिंदी : सोलापुरातले चार दिवस

आमच्या संगमेश्वराकडे मे संपत आला की कान आपोआप परसदाराकडे लागतात. फणसाखालच्या पाचोळ्यातून पहाटे एक शिट्टी येते. दोनच सूर, पहिला चढता, दुसरा उतरता. ‘नवरंग आला’ असं आजी म्हणायची आणि त्याच दिवशी लाकडं पडवीत घ्यायला सुरुवात व्हायची. त्यामुळे नवरंग पक्षी म्हटलं की मला दाट सावली, ओली माती आणि गांडुळं आठवतात. यंदा तो मला भेटला तो सोलापुरात, बेचाळीस अंशांच्या उन्हात, विड्या वळणाऱ्या एका बाईंच्या घरात. घरी येऊन आता दोन आठवडे झाले. विसरायच्या आत लिहून ठेवते.

27 मे

आत्याकडे जायचं बरीच वर्षं राहून जात होतं. पहाटे निघून आंबा घाट चढले, मिरजेला गाडी बदलण्यात दोन तास गेले, बाकी प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते खिडकीबाहेरचं. मिरज सोडली की झाडं मागे सरू लागतात. सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागा, त्यांच्यावर उन्हासाठी टाकलेली कापडं. मंगळवेढ्याचं काळं रान तर या दिवसांत पार मोकळं असतं. इथली ज्वारी नावाजलेली, पण ती हिवाळ्यात. मेमध्ये तिथे फक्त भेगा दिसतात, हात जाईल एवढ्या रुंद. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला पाच-सहाशेच्या आसपास. आकडे ठाऊक असतात. त्यांचा अर्थ खिडकीच्या गजाला हात लावल्यावर कळतो.

आत्याचं घर अशोक चौकाच्या पलीकडे, पूर्व भागात. गल्लीत शिरलं की आधी यंत्रमागांचा आवाज येतो, मग माणसं दिसतात. टॉवेल आणि चादरी विणणारा हा भाग. तीन-चार पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेली पद्मशाली घरं इथे दाट आहेत. गल्लीत तेलुगू, दुकानात मराठी, बाजारात मध्येच कन्नड, आणि तिन्ही बोलताना कोणी अडखळत नाही.

“आलीस एकदाची! बस की आधी, पाणी पी,” आत्या म्हणाली. पस्तीस वर्षांत तिच्या बोलण्यातलं कोकण पुसून गेलंय.

रात्री गच्चीवर जेवलो. कडक भाकरी हाताने मोडून दह्यात भिजवायची, वर शेंगाची चटणी, सोबत कांदा. ही चटणी मी विकतची पुष्कळ खाल्ली होती, पण आत्या उखळात कुटते तिची गोष्ट वेगळी. शेंगदाणे कुटले की त्यांचं तेल सुटतं आणि चटणी ओलसर, धरून राहते. मिक्सरमध्ये तिचा भुगा होतो. गच्चीची फरशी अकरा वाजताही पायाला गरम लागत होती.

जाणाऱ्यांसाठी एक सांगते. मेमध्ये सोलापुरात पक्षी बघायचे तर साडेपाच ते साडेआठ, आणि मग संध्याकाळी साडेपाचनंतर. मधल्या वेळात घराबाहेर पडू नये. पक्षीही पडत नाहीत.

28 मे

पहाटे काका मला त्यांच्या स्कूटरवरून विजापूर रस्त्याला सिद्धेश्वर वनविहारात घेऊन गेले. शेजारीच संभाजी तलाव, जुने लोक अजून त्याला कंबर तलावच म्हणतात. वनविहार म्हणजे काही जंगल नव्हे. कडुनिंब, बाभूळ, सुबाभूळ, खाली घाणेरीची गचपण, फिरायला येणाऱ्यांसाठी वाटा. पण झाडांखाली पाचोळा न झाडता तसाच पडलेला होता आणि मला त्याचाच आनंद झाला. पाचोळा झाडला की त्याखालचे किडे जातात, आणि किडे गेले की जमिनीवर पोट भरणारे पक्षीही जातात. आपल्याकडे स्वच्छतेच्या नावाखाली बागांचं हेच केलं जातं आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

पावशा सतत ओरडत होता, ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’. दयाळ एका सुक्या फांदीवर बसून गात होता. सातभाईंचा घोळका पाचोळा उधळत गेला. आणि सहाच्या सुमाराला, घाणेरीच्या मागून, ती शिट्टी आली.

एकदाच. मी जागीच थांबले. काकांना विचारलं, त्यांनी ऐकली नव्हती. दहा मिनिटं श्वास धरून उभी राहिले, पुन्हा काही नाही. फिरायला आलेले एक आजोबा थांबले.

“काय बघलालाव ताई?”

“नवरंग. हिरव्या पाठीचा, पोटाखाली लाल. दिसलाय का कधी?”

ते थोडा विचार करून म्हणाले, “पावसाच्या तोंडावर येतंय एक रंगीत पाखरू. दोन दिस असतंय, मग नसतंय.”

नवरंगाच्या येण्याजाण्याचं याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. हा पक्षी हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो. उन्हाळा सरताना उत्तरेकडे निघतो, आणि सह्याद्रीत, मध्य भारतातल्या जंगलांत, थेट हिमालयाच्या पायथ्यापर्यंत घरटी करतो. त्याचं अन्न जमिनीत आणि पाचोळ्याखाली असतं: गांडुळं, अळ्या, भुंगेरे. माती मऊ झाली तरच पिलांना पुरेल एवढं मिळतं, म्हणून त्याची वीण पावसाशी बांधलेली. प्रवास रात्री करतो, दिवसा उतरून खातो आणि विसावतो. वाटेत सोलापूरसारखा उघडा मुलूख आला तर उतरायला त्याला लागते ती अशी एखादी गचपण, एखादी आमराई, ओढ्याकाठची दाटी. तेवढी मिळाली की तो दोन दिस असतो, मग नसतो.

पण त्या सकाळी मी वहीत ‘नवरंग’ लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. एका शिट्टीवर नोंद करू नये, हे मी कटाक्षाने पाळते. कोतवालाला आणि हळद्याला कितीतरी आवाज येतात.

संध्याकाळी नान्नजला गेलो. माळढोकासाठी 1979 साली केलेलं हे अभयारण्य, शहरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. माळढोक दिसेल अशी आशा धरून गेलेच नव्हते. तो आता जवळजवळ आठवणीतच उरलाय. पण पिवळ्या गवतात काळविटांचा कळप उभा होता आणि एक धाविक पक्षी इतक्या जवळून पळाला की त्याच्या डोळ्यावरची पांढरी आणि काळी रेघ वेगवेगळी दिसली. सकाळी गचपण, संध्याकाळी माळ. माझ्या डोळ्यांना झाडांची सवय. माळावर काहीच नाही असं पहिली दहा मिनिटं वाटतं, मग गवतच हलायला लागतं.

परतताना मारुती चितमपल्लींचा विषय निघाला. ते मूळचे सोलापूरचे. आयुष्य विदर्भातल्या जंगलांत काढून अखेरीस इथेच आले आणि 18 जून 2025 रोजी इथेच गेले. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ हे शब्द त्यांनीच दिले. काका वाचणारे नाहीत, पण तेलुगू बोलणाऱ्या गल्लीतला एक मुलगा मराठीला जंगलाचे शब्द देऊन गेला याचा त्यांना मोठा अभिमान. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा मला ते ऐकायला आवडलं.

नऊच्या सुमाराला आभाळ भरून आलं. वळीव आमच्याकडेही होतो, पण इथला आधी धूळ घेऊन येतो. पंधरा मिनिटं नुसता वारा, पत्रे उडतील की काय असा. मग टपोरे थेंब, मग गारा. दिवे गेले. माग थांबले आणि गल्लीत कधी नसते ती शांतता झाली. पाऊस अर्ध्या तासात संपला. तापलेल्या काळ्या मातीचा वास येत होता. मी त्या वासात झोपले. वर अंधारात कोण कोण उडत असेल याचा विचार तेव्हा मनात आला नाही, तो यायला हवा होता.

29 मे

सकाळी सव्वासहाला समोरच्या घरातून हाक आली.

“पिट्ट वच्चिंदी! ओ ताई, पिट्ट!”

समोर राहणाऱ्या अक्का साठीच्या असतील. त्यांच्या यजमानांचं आयुष्य मागावर गेलं, आता मुलगा चालवतो. अक्का विड्या वळतात. सोलापुरात हे काम करणाऱ्या बायका घराघरांत आहेत, त्यातल्या बहुतेक तेलुगू घरांतल्या. मी पक्षी बघायला वनविहारात जाते हे एका दिवसात गल्लीभर झालं होतं, म्हणून हाक मला.

आत गेले. अक्कांची नात, सात-आठ वर्षांची, खाटेखाली वाकून बघत होती. रात्री दिवे आल्यावर उघड्या खिडकीतून काहीतरी आत धडपडत आलं, भिंतीला थडकलं आणि खाटेखाली गेलं. उंदीर असेल म्हणून कोणी बघितलं नाही. खाटेखाली एका टोपलीत आणि टोपलीभोवती तेंदूच्या पानांची कातरण पडलेली होती. विडीसाठी पान मापाने कापलं की कडा उरतात, त्यांचा ढीग.

त्या ढिगात नवरंग उभा होता.

मी गुडघ्यावर बसले. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागला. आधी दिसली ती पांढरी भुवई आणि तिच्याखाली डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेला काळा पट्टा. मग बदामी पोट. पक्षी दमलेला होता, पिसं फुगवून, मान आत घेऊन उभा. माझ्याकडे बघत होता की नव्हता कळेना. मिनिटभर असाच गेला. मग त्याने मान काढली, दोन उड्या मारल्या आणि चोचीने एक कातरण उचलून बाजूला टाकलं. खाली बघितलं. दुसरं उचललं, बाजूला टाकलं. प्रत्येक उडीनंतर तोकडी शेपटी सावकाश वरखाली होत होती.

हा जंगलात हेच करतो. पाचोळ्यातलं पान उलटायचं, खाली बघायचं, पुढे जायचं. तेंदू हे विदर्भातलं, मध्य भारतातलं झाड, नवरंग जिथे घरटी करतो त्याच जंगलांतलं. इथे त्याच झाडाच्या वाळक्या पानांच्या चिंध्या तो उलटत होता आणि खाली शहाबादी फरशी होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अक्कांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, काही विचारलं नाही.

मग कामाला लागलो. अशा वेळी काय करायचं ते इथे सविस्तर लिहिते, कारण मेअखेर आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीच्या वेळी दमलेले नवरंग घरांत, जिन्यांत, दुकानांत सापडतात. रात्रीच्या उजेडाने भुलतात, वादळाने खाली येतात, काचेवर आपटतात.

पुठ्ठ्याचं खोकं घ्यायचं, त्याला पेन्सिलीने भोकं पाडायची, तळाला जुनं सुती फडकं. पक्ष्यावर हलका पंचा टाकून तो अलगद उचलायचा, खोक्यात ठेवायचा, झाकण लावायचं आणि खोकं अंधाऱ्या, थंड, शांत खोलीत ठेवून द्यायचं. चोच उघडून पाणी अजिबात घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. दूध, भात, बिस्किट काही नको. सारखं झाकण उघडून बघू नये. आपलं बघणंच त्याला सगळ्यात जास्त थकवतं. आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा, तो फुकट आहे. नवरंगाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कितीही देखणा असला तरी ‘ठेवून घेऊ’ हा विचार मनात आणायचा नाही. नातीने तो आणला होता. तिला समजावून सांगितल्यावर तिने तो सोडला, पण त्याबदल्यात एक अट घातली: एकदा नीट बघायचं.

उचलताना ते झालं. पंच्याच्या घडीत त्याचं सगळं अंग माझ्या मुठीत मावलं. वजन पन्नास-साठ ग्रॅम, म्हणजे एका लहान लिंबाएवढं, पण ऊब केवढी! छाती इतकी भराभर धडधडत होती की ठोके वेगळे मोजता येईनात. नात बोटं मोडत रंग मोजू लागली. पाठ हिरवी. पट्टा काळा. गळा पांढरा. पोट बदामी. डोक्याच्या दोन्ही बाजू मातकट. पोटाखाली लाल. चोच केशरी. पाय गुलाबी. आठ झाले आणि ती थांबली. मी पंचा जरा सरकवला. खांद्यावर निळा ठिपका होता, खिडकीतला उजेड त्यावर पडला आणि तो असा पेटला की अक्कांच्या तोंडून “अय्यो” निघालं. हात तसूभर फिरवला की निळा मावळून काळपट व्हायचा, पुन्हा फिरवला की पेटायचा. त्या पिसात निळा रंग भरलेला नसतो. पिसाची घडणच अशी की प्रकाश तिच्यावरून निळा होऊन परततो.

“नऊ!” नात ओरडली. तिला नवरंग हे नाव मी तोवर सांगितलंच नव्हतं.

खोकं आत्याच्या माजघरात गेलं आणि आम्ही अक्कांच्या दारात चहा घेत बसलो. त्यांनी सूप मांडीवर घेतलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, कात्री, पत्र्याचं माप, तंबाखू, दोरा. पान ओलं नसेल तर वळताना चिरतं. बोलताना त्यांचं हाताकडे लक्षही नव्हतं. दिवसाला हजाराच्या घरात विड्या होतात, म्हणाल्या. बोटांची टोकं काळसर, गुळगुळीत झालेली.

“तुम्ही सकाळी काय म्हणालात? पिट्ट?” मी विचारलं.

“पिट्ट म्हणजे पाखरू की. वच्चिंदी म्हणजे आलं. लहान पाखरू. चिमणीबी पिट्टच.”

मला ते ठाऊक होतं, पण पुस्तकातून. नवरंगाचं शास्त्रीय नाव पिट्टा ब्रॅकियुरा. ब्रॅकियुरा म्हणजे आखूड शेपटीचा, आणि पिट्टा हा शब्द तेलुगूतलाच. 1766 मध्ये लिनियसने या पक्ष्याला पहिल्यांदा नाव दिलं तेव्हा त्याला कावळ्यांच्या गटात घातलं होतं, आखूड शेपटीचा कावळा. ते पुढे पुसलं गेलं आणि राहिला तो तेलुगू शब्द. आज आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत या कुळातल्या सगळ्या पक्ष्यांना जगभर पिट्टाच म्हणतात. मी अक्कांना हे सांगितलं. त्यांनी विडी वळायची थांबवली.

“आमचा शब्द? तिकडं परदेशातबी?”

“हो अक्का. सगळीकडे तुमचाच.”

त्या बराच वेळ हसत होत्या. मग मुलाला मागावरून हाक मारून बोलावलं आणि तेलुगूतून हे सगळं पुन्हा सांगितलं. मला कळलं नाही, पण ‘पिट्ट’ दर वाक्यात येत होता.

नातीचा प्रश्न वेगळा होता. “ते बोलत का नाही?” घाबरलंय, दमलंय, असं सांगितलं. पण खरं म्हणजे नवरंग फारसा बोलतच नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला शिट्टी घालतो, तीही दोन सुरांची. तमिळमध्ये त्याला ‘सहाच्या वेळची चिमणी’ अशा अर्थाचं नाव आहे. रंगाने एवढा श्रीमंत, पण दयाळासारखी आलापी त्याच्या गळ्यात नाही. त्याच्या कुळाच्या स्वरयंत्राची रचनाच साधी. मला मात्र ती शिट्टी कुठल्याही गाण्यापेक्षा जवळची वाटते. शिट्टी घालताना तो मान मागे टाकतो, चोच आभाळाकडे करतो, सगळं अंग त्यात घालतो. हे तिला उभं राहून करून दाखवलं. तिने लगेच शिकून घेतलं.

दुपारी वनरक्षक आले. तरुण मुलगा, उन्हाने लाल झालेला. खोक्यात डोकावून म्हणाला, पंख सारखे आहेत, लटकत नाहीत, डोळे स्वच्छ आहेत, संध्याकाळी सोडू. आत्याने त्याला आमरस-पोळी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही.

साडेपाचला खोक्यातून खरखर ऐकू यायला लागली. साडेसहाला आम्ही वनविहारात होतो: वनरक्षक, काका, मी, अक्का आणि नात. अक्का विजापूर रस्त्यावरच्या या बागेत पहिल्यांदाच आल्या होत्या. घाणेरीच्या त्याच गचपणापाशी खोकं जमिनीवर आडवं ठेवलं, झाकण उघडलं आणि मागे सरलो. कुत्री नाहीत ना, एवढं आधी बघून घेतलं होतं.

तीन-चार मिनिटं काहीच झालं नाही. मग तो उंबऱ्यावर आल्यासारखा खोक्याच्या कडेला आला. उभा राहिला, ताठ, लांब पायांवर. एक उडी, दुसरी उडी, पाचोळ्यात. पान उलटलं. खाली काहीतरी होतं, ते गिळलं. वळवाने पाचोळा ओला झाला होता. पुन्हा पान, पुन्हा काहीतरी. नातीने माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतली. मग तो उडाला, जेमतेम गुडघ्याच्या उंचीवरून, पंखांतला पांढरा ठिपका चमकला आणि घाणेरीत शिरला.

शिट्टी घातली नाही.

30 मे

पहाटे पुन्हा गेले. घाणेरीखाली एक तास बसले. ऊन चढेपर्यंत तो दिसला नाही. एकदा आत खोलवर पाचोळा हलल्यासारखा वाटला, तो सरडाही असेल. आभाळ रात्रभर स्वच्छ होतं. परवा वहीत टाकलेलं प्रश्नचिन्ह मात्र खोडलं नाही. घरात आलेला नवरंग हा, आणि शिट्टी घातलेला कदाचित दुसरा.

सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं. तळ्यातलं देऊळ, पलीकडे भुईकोट किल्ल्याचे बुरूज, सकाळी सातला पाण्यावरून येणारा वारा खरोखर गार असतो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी हे तळं खणवलं असं सांगतात. कोरड्या गावात आधी पाणी करायचं हे ज्यांना सुचलं त्यांच्यापुढे मी मनापासून हात जोडले.

मग खरेदी. शेंगाची चटणी घेताना थोडी बोटांत दाबून बघा, गोळा झाला तर कुटलेली, सुटी राहिली तर दळलेली. कडक भाकरी पुष्कळ दिवस टिकते, पुठ्ठ्याच्या डब्यात उभी ठेवून न्यावी म्हणजे तुटत नाही. चादर घ्यायची तर पूर्व भागात एखाद्या मागावर जाऊन, विणणाऱ्याशी दोन शब्द बोलून घ्या. मी अक्कांच्या मुलाच्या मागावरचे दोन टॉवेल घेतले. तो पैसे घेईना, काकांनी रागावल्यावर घेतले.

निघताना नात खोकं घेऊन उभी होती. फडक्यात एक पीस राहिलं होतं, पाठीवरचं, हिरवं. ते तिने वहीत ठेवलं होतं आणि मला फक्त दाखवलं. पीसही ठेवू नये असा नियम आहे हे मला माहीत होतं. मी ते तिला सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, “घाणेरीत ठेवून येऊ?” काका म्हणाले, मी नेतो तिला संध्याकाळी.

“आणि शिट्टी? शिट्टी ऐकवली नाहीस तू,” ती म्हणाली.

8 जून, घरी

पाऊस काल लागला. आज पहाटे पावणेसहाला फणसाखालून शिट्टी आली. मी फोन घेऊन पडवीत गेले, चांगल्या दहा-बारा शिट्ट्या टिपल्या आणि आत्याच्या फोनवर पाठवल्या. वाटलं, दुपारपर्यंत कधीतरी ऐकतील.

सातलाच उत्तर आलं. आधी यंत्रमागाची खटखट. मग अक्कांचा आवाज, तेलुगूत काहीतरी, बहुधा ‘जवळ धर’. आणि मग त्या खटखटीवरून, पहिला सूर चढता, दुसरा उतरता, नातीची शिट्टी.